धाकट्या काकांचा वाटा

भोरच्या कॉलेजात सर फळ्यावर तंतुकणिका काढायचे. पेशीतल्या या इवल्याशा कणिका अन्नातून ताकद काढतात. त्या नव्याने घडत नाहीत. असलेलीच वाढते, मध्ये बारीक होते आणि एकीच्या दोन होतात. झिजून निकामी झालेली कणिका मात्र पेशी गिळून टाकते. "म्हणून पेशी निरोगी राहते," म्हणत सर खडूचे हात झटकायचे. मला ते अगदी पटायचं. त्या वयात मला निकामी गोष्टींचा रागच होता.

दिवाळीच्या सुट्टीत पासलीला घरी गेले, तर वडील आणि थोरले चुलते वेगळे निघत होते. ओसरीवर भांडी आणि भाताची पोती मांडून वाटे पडले होते. भाऊ तीन आणि वाटे दोनच! धाकट्या काकांचं काळीज लहानपणच्या तापानं कमजोर झालेलं, चार पावलं टाकली की भिंत धरावी लागे. त्यांना कोण ठेवून घेणार, हे कुणी बोलेना.

शेवटी थोरले चुलते म्हणाले, "त्याला वाटा कशाला? गोठ्याशेजारी खोपी हाय, तितं ऱ्हाईल. भाकरी पोचवू आळीपाळीनं."

वडील मान खाली घालून बसले. मला सरांचे ते झटकलेले हात आठवले.

आमच्याकडे वाटे थोरल्यानं करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. काका उठले. "मग आदी म्याच उचलतो," म्हणाले आणि घोंगडी काखेत मारून गोठ्याकडे निघाले. अंगणात दोनदा थांबले.

आई आत नवी चूल लिंपत होती. तशाच मातीच्या हातांनी बाहेर आली आणि काकांच्या काखेतली घोंगडी काढून घेतली.

"भावजी, घरात चला. चूल नवी हाय, पयलं ताट तुमचं." मग वडलांकडे वळून म्हणाली, "भांडी लागतील तेवढी थोरल्यांना जाऊ द्या. भावजी आपल्या वाट्याला."

फार वर्षांनी वाचलं, की तंतुकणिका नुसत्या दुभंगत नाहीत, एकमेकींत मिसळतातही. थकलेली धडधाकटीत मिसळली की पुष्कळदा सावरते. वाचताना मला रडू आवरेना.

काका आमच्याच चुलीपाशी राहिले. धाप काही गेली नाही. पण आई शेतावर असताना माझ्यामागून बऱ्याच वर्षांनी झालेल्या धाकट्या भावाला चालायला त्यांनीच शिकवलं. दोघं एकाच भिंतीला धरून चालायचे.