आक्काचं अळणी ताट

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "कधी गेले दाजी?" पलीकडे भाचा रडत होता. "दाजी न्हवं मावशी... आई." इतकी वर्षं आम्ही सगळे मनातल्या मनात दाजींच्या मरणाची तयारी करत होतो, आणि माझी धडधाकट थोरली बहीण दूध तापवता तापवता खाली बसली ती उठलीच नाही. आता महिना होत आला. अजून मला तिचा रागच येतो, रडू नंतर येतं.

आक्काचं सासर मंगळवार पेठेत. हात असा तिखट, की पहिल्यांदा जेवायला आलेला पावणा नाक पुसतच उठायचा आणि पुन्हा बोलावलं की आधी हजर. दाजी बावड्याला साखर कारखान्यात होते. आक्का माहेरी आलेली असली की ते घरी एक घास खाऊन आपल्या आईला सांगायचे, "शालन आली न्हाय अजून." बायकोचं कौतुक त्यांनी याहून जास्त कधी केलं नाही, आणि तिला याहून जास्त कधी लागलंही नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दाजी रिटायर झाले आणि एक दिवस डबा मागून ड्यूटीला निघाले. पुढं रोजच निघू लागले. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आणि साखर, दोन्हींनी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात. गेलेलं परत येणार नाही, पण औषधं घ्या, मीठ-तेल कमी करा, पालेभाज्या खा, राहिलेलं जरा जास्त दिवस टिकेल. बुडत्याला काडीचा आधार. आक्कानं काडी अशी धरली की बोटं सुटेनात. डॉक्टर 'कमी' म्हणाले होते, हिनं मीठ जवळजवळ बंदच केलं. तिखटाचं तर त्यांनी नावही काढलं नव्हतं, पण चटणीची बरणी शेजारी देऊन टाकली. अक्रोड मेंदूला चांगला, असं कुठल्याशा पुरवणीत वाचलं आणि रोज सकाळी तो दाजींपुढं येऊ लागला. साखर कारखान्याच्या माणसाच्या चहातली साखर गेली. स्वतःही तेच जेवायची. म्हणायची, "त्यास्नी येगळं ताट न्हाय वाढायची मी."

असंच एकदा मी गेले होते. उकडलेली बिनमिठाची मेथी, भाकरी, पातळ वरण. दाजी निमूट जेवले, हात धुतला आणि आक्काला म्हणाले, "बाई, तुमचं जेवान बरं हाय. पर आमची मंडळी घरात वाट बघत असंल. तिच्या हाताला लई चव हाय बघा... या एकदा तुमीबी." आणि चपला शोधायला लागले.

नवरा आक्काचीच तारीफ तिला सांगत होता, आणि ती कुणी परकी खानावळवाली झाली होती! स्वयंपाकघरात मी तिच्यावर ओरडले, "घाल की गं एकदा चटणी! एका घासात वळखतील तुला!" तिनं पदरानं डोळे पुसले. "आणि पुढल्या वर्षी? मला न्हाय वळखलं तरी चालंल. सोताला तरी वळखू देत."

तेही झालं नाही. दोनेक वर्षांनी दाजी कपाटाच्या आरशासमोर उभे राहून आतल्या माणसाला "या पावणं, बसा" म्हणू लागले. आक्कानं तरी मीठ घातलं नाही. या पथ्यानं त्यांचे चार शहाणे दिवस वाढले की नुसतेच अळणी दिवस वाढले, हे मला कुठलाच डॉक्टर सांगू शकला नाही. सांगून तरी आता काय...

तिला पोचवून आलो. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारणीनं पिठलं-भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा आणला. त्या गडबडीत पथ्य कुणाच्या ध्यानात राहतंय? दाजींपुढंही तेच ताट गेलं. त्यांनी पिठलं खाल्लं, खर्डा चाटला, डोळ्यांतून पाणी आलं. आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून, पूर्वीसारखी खणखणीत हाक मारली, "शालन, पाणी आण की गं!"

भाचा उठून बाहेर गेला. दाजींनी दुसऱ्यांदा हाक मारली, मग ताटावर हात तसाच ठेवून दाराकडं बघत बसले. पाणी मी नेऊन दिलं, त्यांनी घेतलं नाही.

परवा भाच्याच्या बायकोनं फोनवर विचारलं, "मावशी, मामंजींच्या ताटात आता काय वाढू? आईंचं पथ्यच चालू ठेवू, का आपलं तिखट-मीठ घालू?" सगळ्या जगात त्या एका तिखट घासापाशीच आक्का अजून जिवंत आहे, हे मला कळतं. पण हाक मारल्यावर येणार कोण?

मी म्हणाले, "अळणीच वाढ, बाई."