रावसाहेबांची भिंत

"सुधारणा पाहिजे, सुधारणा!" असं म्हणून काठी जमिनीवर आपटली की रावसाहेबांचं भाषण संपलं असं समजायचं. रावसाहेब ही पदवी सरकारने दिलेली नव्हती. सडकेच्या खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त होऊन लोणावळ्याला आल्यावर त्यांनी ती स्वतःच घेतली. असे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील.

त्या काळी मुंबईच्या शेटजींचे बंगले दर हिवाळ्याला वाढत होते. हवा खायला आलेल्या मंडळींना फिरायला बाग हवी, म्हणून कमिटी झाली. रावसाहेब अध्यक्ष, मी कारकून. डोंगराच्या पायथ्याची जी जागा त्यांनी पसंत केली, तिच्यातूनच ठाकरवाडीची वाट बाजारात उतरत होती. वाडीचं गवत, मोळ्या, सगळं त्या वाटेने यायचं.

"भारे घेऊन बायका बागेतून जाणार? शेठाण्या काय म्हणतील?" असं म्हणून त्यांनी बागेच्या वरच्या कडेला, वाट अडवून, छातीइतकी भिंत घालायचं ठरवलं.

वाडीतली एक म्हातारी विनवायला आली. तिला सगळे मावशी म्हणत.

"सायेब, लय वळसा पडंल. बाजार उठल्यावर गवात कोन घेनार? आमी खायाचं काय?"

"मावशी, सुधारणेसाठी थोडं चालावं लागतं," रावसाहेब म्हणाले. ते स्वतः टांग्यातून आले होते.

भिंतीला दगड आयते मिळाले. त्या वाटेवर शेंदूर फासलेला एक धोंडा होता, वाटेवरची आई. जाता-येता तिच्यापुढे एक दगड ठेवायचा, म्हणजे पाय दुखत नाहीत, अशी वाडीची रीत. पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या त्या ढिगाला रावसाहेबांनी राडारोडा ठरवलं आणि परगावच्या मजुरांकडून धोंड्यासकट भिंतीत घालून टाकलं. मला त्यांचा इतका संताप कधी आला नव्हता.

मग वाडीचे लोक भिंतीपाशी दगड ठेवू लागले. आई जिथे, तिथे दगड. उतरताना ते बाहेरून ठेवून वळसा घालत. परतताना डोक्यावर भारा नसे, तेव्हा बागेतून येऊन भिंत चढून जात, आणि आतल्या बाजूलाही एक ठेवत.

रावसाहेब खूश. "पाहिलंत? अडाणी माणसंसुद्धा भिंत मजबूत करताहेत, तीही फुकट!" एकही दगड हलवायचा नाही, अशी माळ्याला सक्त ताकीद मिळाली.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत दोन्हीकडे छान उतार झाला. एका बाजाराच्या दिवशी मावशी डोक्यावर भारा घेऊन त्यावरून चढली आणि बागेत उतरली. मागोमाग सारी वाडी. शेठाण्या बाकांवरून कौतुकाने पाहत होत्या. रावसाहेब तेव्हा फाटकाशी उभे राहून आपल्या नावाची संगमरवरी पाटी कुठे बसवावी हे ठरवत होते. ढीग काढायचा हुकूम सुटला, पण माळी हात लावेना.

"आईचं हाय ते. तुमी काढा."

रावसाहेबांनीही हात लावला नाही. त्यांची सुधारणा तेवढीच होती.

पुढे त्यांचे गुडघे गेले. एका संध्याकाळी वरच्या अंगाचे नवे प्लॉट पाहून येताना फाटकापर्यंतचा वळसा त्यांना झेपेना. मी सोबत होतो. ढिगापाशी मावशी भेटली. तिने त्यांचा हात धरला.

"आबा, आदी दगूड ठिवा. मंग चढा."

"थोतांड आहे हे सगळं," ते पुटपुटले. मग इकडेतिकडे पाहून वाकायला गेले, पण वाकता येईना. मावशीने एक दगड उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हलकेच ठेवला. माझे डोळे भरून आले. या माणसासाठी ते कधी भरतील असं मला वाटलं नव्हतं.

त्याच थंडीत ते गेले. बागेत आता घाणेरीची झुडपं माजली आहेत आणि संगमरवरी पाटी कुणीतरी धुणं धुवायला नेली. ढीग मात्र वाढतोच आहे. त्यातला एक दगड रावसाहेबांचा. कोणता, ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि हे त्यांना मुळीच आवडलं नसतं.