आक्काची हरकत

कबड्डीच्या मैदानावर पंचांशी भांडणारी बाई आमच्या मंद्रूपमध्ये एकच होती. माझी आक्का, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. गावचा संघ दरवर्षी स्पर्धेत हरायचा आणि आक्का दरवर्षी पहिल्या रांगेत, दोरीला खेटून बसायची. हरणाऱ्यांसाठी कशाला घसा फोडतेस, असं कुणी विचारलं की म्हणायची, “जिंकणाऱ्याला काय, कुणीबी हाय की.”

शेजारी करिया बसलेला असायचा. काळाकुळकुळीत, म्हणून हे कानडी नाव. आतोबा वारले त्या वर्षी गोठ्यात सापडलेलं हे कुत्र्याचं पिल्लू तिनं ठेवून घेतलं होतं. आमची चढाई सुरू झाली की करिया उठून उभा राहायचा. खेळ त्याला पंचांपेक्षा जास्त कळतो, असं आक्का चारचौघांत सांगायची, शक्यतो पंचांना ऐकू जाईल अशा बेतानं.

तो गेला नेमका अंतिम सामन्याच्या सकाळी. आमचा संघ पहिल्यांदाच तिथवर पोचला होता. आठवडाभर त्याचं खाणं सुटलं होतं. वय झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी सोलापुरातून सामन्यासाठी आले, तर आक्का अंगणात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. तिचे दीर म्हणाले, घंटागाडी येईलच, तिच्यात देऊ. आक्कानं मान वर केली नाही.

“चौदा वर्सं दार राखलंय त्यानं. कचऱ्यात न्हाय जायचा.”

तिनं स्वतःच्या इरकली लुगड्यात त्याला गुंडाळलं आणि शेताच्या बांधावर टिकाव मारायला लागली. जमीन दगडासारखी. मी हात लावला तेव्हा निम्मा खड्डा तिनं एकटीनं खणला होता. माती लोटून झाल्यावर दोन्ही तळव्यांनी तिनं ती बराच वेळ दाबली.

आज घरी थांब, असं सगळे म्हणाले. ती चार वाजता मैदानावर होती.

सामना एका गुणावर आला. शेवटच्या चढाईत आमचा गडी पकडीत अडकला, पण पडता पडता त्याचं बोट मध्यरेषेला टेकलं. पंचांनी बाद दिलं. आक्का दोरी ओलांडून सरळ आत गेली आणि मातीतल्या बोटाच्या खुणेपाशी उभी राहिली. तिच्या नखांत सकाळची माती तशीच होती. “वाकून बघा,” ती पंचांना म्हणाली. ते वाकले नाहीत. मैदान रिकामं झालं तरी ती हलेना. मी दंडाला धरून म्हटलं, चल आक्का, हरलो आपण.

“हरलो न्हाय. हरवलंय आपल्याला. ह्यातला फरक पोरांला कळाय पायजे.”

घरी आल्यावर तिनं सवयीनं दुधात भाकरी कुस्करली आणि मग हातातल्या वाडग्याकडं बघत राहिली. उंबऱ्यात बसून ती भाकरी तिनंच खाल्ली, रडत रडत, शेवटच्या घासापर्यंत. वाडगा खाली ठेवला आणि मला म्हणाली, “वही काढ. अर्ज लिहायचाय.”

निकालावर हरकत घेणारा तो अर्ज मी लिहिला. तिनं खाली अंगठा उठवला. उत्तर आलं नाही. पुढची चार वर्षं, दर स्पर्धेआधी, तिनं तोच अर्ज पुन्हा लिहून घेतला. संयोजक हसायचे. गेल्या उन्हाळ्यात आक्का गेली.

यंदा स्पर्धा जाहीर झाली तेव्हा संयोजकांपैकी एकजण मला बाजारात भेटला. म्हणाला, आता सुटलो म्हणायचं आम्ही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी अर्ज नेऊन दिला. खाली सही माझी आहे.