चिमण्यांचा डबा
तेलाच्या रिकाम्या डब्याचा वास आला की भूकंपानंतरची निलंग्याजवळची पत्र्याची शाळा आठवते. तिथं मी शिकवत होते. मुलांसोबत डबा कापून मी चिमण्यांसाठी दाणे ठेवायची जागा केली. एक मुलगी मात्र अंगणातच उभी होती. घर पडल्यापासून ती कुठल्याच छताखाली येत नव्हती. "बाई, आत नका बांधू, चिमण्या दबतील," ती म्हणाली. मी स्टुलावर चढून आढ्याला तार बांधत होते, तेवढ्यात पत्रे खडखडले. मुलं ओरडत बाहेर पळाली. माझे पाय हलेनात. तीच मुलगी धावत आत आली, माझा हात धरून ओढत म्हणाली, "चला की बाई!" आम्ही बाहेर आलो आणि धक्का थांबला. ती शाळेकडं बघतच राहिली. "बाई, मी आत गेलते?" तिनं विचारलं.