सुतकात आलेले हसू

ज्याच्या दर्शनाने चिंचवड गावाची सकाळ सुरू होते त्या मंगलमूर्तीला, आणि त्याच्या देवळाला वळसा घालून जाणाऱ्या पवनामाईला मी आधी वंदन करतो. आज आमच्या हास्यवर्गातील एका वहिनींचे वर्षश्राद्ध झाले. संकल्प मीच सांगितला. घरी परतल्यावर थोडा वेळ जप केला, परंतु चित्त माळेवर स्थिरावेना. वर्षभर मनात राहिलेली एक हकीकत लिहून काढल्याशिवाय ते स्थिरावणार नाही असे वाटले, म्हणून हे लिहीत आहे.

निगडी प्राधिकरणात आमच्या घराजवळच्या बागेत रोज सकाळी हास्यवर्ग भरतो. संस्कृतचे अध्यापन थांबल्यावर मी तिथे जाऊ लागलो. प्रारंभी मला तो प्रकार चमत्कारिक वाटला. हसण्याला काही निमित्त असावे, अशी माझी समजूत होती. इथे बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई दोन्ही हात वर करीत आणि कडुलिंबाखाली उभी असलेली आम्ही सारी वृद्ध मंडळी निमित्तावाचून हसू लागत असू. पलीकडच्या रस्त्यावरून चाकणच्या कंपन्यांच्या बसगाड्या जात आणि खिडकीतले कामगार आमच्याकडे पाहून खरोखर हसत. पुढे पुढे मलाही त्याची सवय झाली.

ताई शिस्तीच्या. त्यांनी एक नियम घातला होता. ज्याला वर्गाला येता येणार नाही, त्याने वर्ग सुटण्याच्या आत मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये आपले हसू लिहून पाठवायचे. तीच त्याची हजेरी. कोणी ‘हाहाहा’ लिही. आमच्यातले एक गॅरेजवाले भाई दुकानाच्या गडबडीत असले की नुसते ‘हहहह’ पाठवीत. काना द्यायलाही त्यांना सवड नसे. कोणी इंग्रजी अक्षरे जोडून ठेवी, ज्यांचा मला अर्थबोध होत नसे. आणि काही जण तर ‘मेलो’, ‘वारलो’ असे लिहीत. जो शब्द आम्ही पुरोहित मंडळी उंबऱ्याबाहेर उभे राहून हलक्या आवाजात उच्चारतो, तो लोकांनी हसण्यासाठी घेतलेला पाहून मी किती तरी वेळ चष्मा पुसत बसलो होतो.

त्याच सुमारास एकदा निगडीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक तरुण बसला होता. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, डोळ्यांवर रात्रपाळीची झोप. मोबाइलवर तो कोणाला तरी हसण्याची चिन्हे पाठवीत होता, एकामागून एक. मी सहज त्याच्या मुखाकडे पाहिले. तिथे हास्याची रेषाही नव्हती. त्याचा अंगठाच काय तो हसत होता. त्या दिवशी मला त्या तरुणाची काळजी वाटली, आणि लिहून पाठवलेल्या हसण्यावरचा माझा विश्वास उडाला.

तो परत आणला वहिनींनी.

वहिनी आणि त्यांचे यजमान मूळचे लातूरकडचे. यजमानांनी सगळी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात रंगकाम विभागात केली. आधी ती दोघे आमच्याच गल्लीत राहत आणि वर्गालाही बरोबर येत. पुढे मुलाने पुनावळ्याला फ्लॅट घेतला आणि ती तिकडे गेली. वहिनींना आमवात होता, जिना तर राहोच, चालणेही कठीण. आणि त्यांना एकटे सोडून यजमान निघत नसत. म्हणून दोघांची मिळून एकच हजेरी वहिनींच्या मोबाइलवरून येई. यजमानांकडे बटनांचा साधा फोन होता. ‘एवढी अक्षरं कोण सांभाळतं’, असे ते म्हणत.

मी संक्रांतीचा तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा हजेरी कशी लिहिली जाते ते प्रत्यक्ष पाहिले. वहिनींची बोटे वाकली होती, त्यामुळे मोबाइल यजमानांच्या हातात असे. ग्रुपवर आलेले विनोद ते वाचून दाखवीत, वहिनी हसत, आणि त्या किती हसल्या ते पाहून ते अक्षरे लिहीत.

“खोटं लिहू नका,” वहिनींनी माझ्यादेखत त्यांना बजावले. “जेवढं हसले तेवढंच लिहा.”

मी त्यांना त्या इंग्रजी अक्षरांचा अर्थ विचारला. नातीने शिकवलेले सगळे त्यांना मुखोद्गत होते.

“एलओएल म्हणजे मोठ्यानं हसले. रोफल म्हणजे जमिनीवर लोळून हसले.”

“आणि हे एलएमएओ?”

“ते राहू द्या, गुरुजी. तुम्ही सोवळ्यातले.”

“मला बरं सांगितलंस,” यजमान म्हणाले.

“तुम्ही कुठं सोवळ्यात आहात?”

मग मीही माझी विद्या काढली. आम्हाला पाठशाळेत हास्याचे सहा प्रकार शिकवले होते, ते मी सांगितले. पहिले स्मित, त्यात दात दिसत नाहीत. मग दात किंचित दिसणारे, मग मंद आवाजाचे, मग खांदे आणि मान झुकवणारे. शेवटचे, कुशी हातांनी धरून गडगडाटी. वहिनींनी लक्षपूर्वक ऐकले आणि वाटणी करून टाकली. पहिल्याला नुसता हसरा चेहरा. मंद आवाजाच्याला एलओएल, थोडे वाढवून. शेवटच्याला रोफल.

“पाचवं राहिलं की,” त्या म्हणाल्या.

“पाचवे अस्थानी येते. जिथे हसू नये तिथे. त्यात डोळ्यांना पाणी असते. ते हलक्या वृत्तीचे लक्षण म्हणून आम्हाला शिकवले आहे.”

वहिनी यजमानांकडे पाहू लागल्या आणि यजमान भिंतीकडे.

“मग मी हलकीच म्हणायची,” त्या म्हणाल्या. “मयतीच्या घरी बसले की मला हमखास येतं.”

“हिला घेऊन समाचाराला जायची सोय नाही, गुरुजी,” यजमान म्हणाले. “पदर तोंडात कोंबून बसते. लोकांना वाटतं, किती रडायली.”

“ह्यांची मावसबहीण आहे ना, तिच्यापायी होतं सगळं. येते, गळ्यात पडून मोठ्यानं रडते, आणि डोळे पुसता पुसता म्हणते, पंखा जरा वाढवा. दर खेपेला. मी गेले तरी म्हणेल, बघून घ्या.”

“अभद्र बोलू नये, वहिनी,” मी म्हणालो. त्यांनी मला तिळाचा आणखी एक लाडू दिला.

पुढच्या पावसाळ्यात वहिनी आजारी पडल्या. हजेरी येत राहिली, पण आता बहुधा नुसता हसरा चेहरा असे. कधी काहीच येत नसे. मी जाणत होतो, तिकडे खोटे लिहीत नाहीत. श्रावण सरता सरता त्यांच्या मुलाचा मला फोन आला. वर्गात आम्ही त्या दिवशी हसलो नाही. दोन मिनिटे उभे राहिलो आणि घरी गेलो. ‘मेलो’ आणि ‘वारलो’ हे शब्द ग्रुपवर पुन्हा कोणी लिहिले नाहीत. कोणाला सांगावे लागले नाही.

आणि मग सुतकातल्या एका सकाळी, वर्ग सुटायच्या बेताला, सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. वहिनींच्या नंबरावरून संदेश आला होता. त्यात एकच शब्द होता: रोफल.

बागेत एका भगिनींनी पदर घट्ट लपेटून घेतला. दुपारपर्यंत ग्रुपवर प्रश्न येऊ लागले. हे कोण पाठवते आहे. मोबाइल मुलांच्या हाती लागला का. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिले, “ज्या घरात सुतक आहे तिथून असा संदेश यावा, ही थट्टा कोणाचीही असो, क्षम्य नाही.” त्याखाली पुष्कळांनी हात जोडले.

संध्याकाळी ताईंचा फोन आला.

“गुरुजी, मी तो नंबर ग्रुपमधून काढून टाकते आहे. लोक फार अस्वस्थ झालेत. पण तुम्हाला विचारल्याशिवाय हात धजेना.”

अक्षरे कोणाच्या बोटांनी उमटली हे मला ठाऊक होते. का उमटली, हे ठाऊक नव्हते. पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसत होती. तो नंबर काढला की त्या गृहस्थांची आमच्याशी असलेली एकमेव वाट बंद होणार होती. पुनावळ्याच्या त्या उंच इमारतीत त्यांना ओळखणारे घराबाहेर कोणी नव्हते. आणि आपल्याला का काढले, हे कळल्यावर ते पुन्हा कोणाला तोंड दाखवणार नाहीत, इतका त्यांचा स्वभाव मी जाणत होतो.

“उद्याचा दिवस थांबा,” मी ताईंना म्हणालो. “मी समाचाराला जाऊन येतो.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मुलगा दशक्रियेची व्यवस्था पाहायला देहूला गेला होता. सूनबाईंनी दार उघडले आणि चटई अंथरली. कोपऱ्यात दिवा तेवत होता. यजमान भिंतीला टेकून बसले होते; वहिनींचा मोबाइल त्यांच्या मांडीवर होता. समाचाराच्या घरी आधी आपण बोलू नये, म्हणून मी गप्प बसलो.

“लोक रागावले ना, गुरुजी?” त्यांनीच विचारले.

“विचारात पडले आहेत.”

“चूक झाली. सुतकाचं ध्यानात राहिलं न्हाई.” त्यांनी मोबाइल उलटा करून ठेवला. मग म्हणाले, “परवा सांजच्याला मावसबहीण आली होती.”

मी त्यांच्याकडे पाहिले.

“गळ्यात पडली. लई रडली. खरंच रडली, गुरुजी, खोटं न्हाई सांगत. हिच्यावर जीव होता तिचा. मग डोळे पुसले,” ते थांबले, “आणि सूनबाईला म्हणाली...”

 त्यांनी फक्त बोट वर करून छताच्या पंख्याकडे दाखवले.

मी वेदपाठी माणूस. मृताच्या घरी कसे बसावे, काय बोलावे, हे मी जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलो आहे. त्या चटईवर, तेवत्या दिव्यासमोर मला हसू फुटले. उपरणे तोंडाशी धरले तरी ते आवरेना. यजमानही हसू लागले, आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. आवाज ऐकून सूनबाई स्वयंपाकघरातून आल्या, आमच्याकडे पाहत राहिल्या, मग पंख्याकडे नजर गेली आणि ओढणीत तोंड लपवून परत आत गेल्या. त्यांचेही खांदे हलत होते.

“तेव्हा कसंबसं दाबून धरलं,” शांत झाल्यावर ते म्हणाले. “सकाळी मोबाइल हातात घ्यायची वेळ झाली, तसं आठवलं. एकटाच हसलो. ती असती तर लोळली असती. तिचं हसू होतं ते, म्हणून तिच्या नंबरावरून लिहिलं. जेवढं होतं तेवढंच लिहिलं.”

अशा घरून निघताना ‘येतो’ म्हणायचे नसते. मी नुसता उठलो. ते दारापर्यंत आले नाहीत. तसाच रिवाज आहे.

घरी येऊन स्नान केले. स्नान करताना पाठशाळेतले ते पाचवे हास्य आठवत होते. आमच्या गुरुजींचा अधिकार मोठा. त्यांनी शिकवलेल्या क्रमाला मी नावे ठेवणार नाही. पण त्या हास्याला खालची पायरी ज्याने दिली असेल, तो अशा चटईवर बसला नसावा, एवढे मात्र मनात आले.

सकाळी वर्ग संपल्यावर मी ताईंची परवानगी घेऊन बोललो. अक्षरे कोण लिहीत होते, वहिनींची बोटे कशी वाकली होती, आणि वहिनींनी घातलेला नियम काय होता, ते सांगितले. पंख्याची हकीकतही सांगितली. कोणी हसले नाही.

“ते सगळे ठीक,” निवृत्त अधिकारी म्हणाले. ते मनाने वाईट नाहीत; नियमाला धरून चालणारे आहेत. “पण सुतकात हसणे शास्त्राला धरून आहे का, तेवढे सांगा.”

“सुतकात देवपूजा थांबते,” मी म्हणालो. “मंगलकार्य थांबते. दान घेणे थांबते. गेलेल्या माणसाची आठवण थांबवा, असे मला कोणी शिकवलेले नाही. आणि आठवण येताना रडत येईल की हसत, हे आपल्या हाती नसते.”

गॅरेजवाले भाई आतापर्यंत बाकावर बसून बूट बांधत होते. ते मान वर न करता बोलले. “आमचे अब्बा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक आलं. म्हणालं, तुला जमायचं नाही, अब्बांना बोलव. तेव्हा मी हसलो होतो, गुरुजी. आजवर कुणाला बोललो नाही.”

मग त्या पदर लपेटलेल्या भगिनी हळूच म्हणाल्या, “पंखा वाढवा म्हणाली?” आणि कडुलिंबाखाली हसू पसरत गेले. ताईंनी हात वर केले नव्हते. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. निघताना ते ताईंना म्हणाले, “नंबर राहू द्या.”

त्या दिवशी मी ग्रुपवर प्रथमच हसू लिहिले. अक्षरे मला जुळवता येत नव्हती, म्हणून मराठीत लिहिले: ‘मीही हसलो. तुमच्याच घरी बसून.’ उत्तर आले नाही. पण आमच्यापैकी कोणीही त्याची वाट पाहत नव्हते, असे मी म्हणणार नाही.

उत्तर आले ते सुतक फिटल्यावर. एक नुसता हसरा चेहरा. ताईंनी त्याखाली लिहिले, “हजर.”

तेव्हापासून वर्षभर असेच चालले आहे. वहिनींचे नावही मोबाइलमध्ये तसेच आहे. किती तरी सकाळी त्या नंबरावरून काही येत नाही आणि कोणी विचारत नाही. एखाद्या सकाळी एलओएल येतो. तेव्हा आम्हाला कळते की आज पुनावळ्याला काही तरी आठवले. आज श्राद्धाचे पान वाढल्यावर यजमान खिडकीशी उभे होते. कावळा येईना. सगळे हात जोडून थांबले होते. ते मला हळूच म्हणाले, “पंख्याखाली बसली असेल, गुरुजी.” आणि कावळा आला.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, मंगलमूर्ती तुमच्या घरात अन्न, आरोग्य आणि सद्बुद्धी नांदती ठेवो. तुमच्या लेकरांचे मुख आणि अंगठा एकाच वेळी हसोत. तुमच्या घरातले कोणी थकले, त्याची बोटे वाकली, तर त्याचे हसू जेवढे असेल तेवढेच लिहिणारे माणूस त्याच्या उशाशी असो. आणि दुःखाच्या दिवशी तुम्हाला ते पाचवे हसू आले, तर ते ओळखणारा कोणी तरी तुमच्या चटईवर येऊन बसो. तथास्तु.