ॲपला गेंदालालजी कसे कळले?

शाळेत भूगोल शिकवून कमलताई मुंगी निवृत्त झाल्या, पण 'हे असं का?' विचारायची सवय सुटली नाही. एक दिवस त्यांच्या नव्या ॲपने सुचवलं, 'या व्यक्तीला तुम्ही ओळखत असाल', आणि खाली फोटो परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या शिंप्याचा, गेंदालालजींचा! कमलताईंनी तर ॲपला एकही नंबर बघू दिला नव्हता. मग कळलं कसं?

भाची पलक हसली. "मावशी, ॲग्री दाबून पुढे जायचं. ॲपची नियमांची पॉलिसी कोणी पढत नाही."

कमलताईंनी मात्र अडलेले शब्द तिलाच विचारत ती वाचली. एका जागी त्या थबकल्या. दुसऱ्या कोणी स्वतःचे कॉन्टॅक्ट ॲपला दिले, तर त्यातला आपला नंबरही कंपनीकडे जातो!

त्या थेट दुकानात गेल्या. "गेंदालालजी, मेरा नंबर आपने दिया क्या?"

"नहीं बाईजी! मैंने तो बस 'अलाउ' दबाया था."

दोघांनी मिळून ती परवानगी बंद केली. राग कमलताईंना आलाच नाही, कोडं सुटल्याचा आनंदच मोठा होता.

"पर जो नंबर पहले चले गए, उनका?" गेंदालालजींनी विचारलं.

"अरे हो, ते वाचायचं राहिलंच," म्हणत कमलताई मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पुन्हा पॉलिसी उघडली.