तारा लावलेला शब्द

खात्री नसलेली गोष्ट बोलताना वाघमारे सर मिटलेली मूठ एकदम उघडायचे. पाच बोटं, म्हणजे तारा. जुन्या भाषेतला जो शब्द कुठेच लिहिलेला सापडत नाही, तिच्या लेकीभाषांवरून नुसता अंदाजाने रचलेला असतो, त्याच्या आधी अभ्यासक ताऱ्याची खूण (*) काढतात. सरांनी तो जिंतूरच्या बाजारात आणला होता. कलिंगडवाला "गोडच हाय" म्हणाला, की सर मूठ उघडायचे.

मी त्यांच्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला जायचे. इंग्रजी शाळेत शिकूनही चारचौघांत वाचताना माझा आवाज जायचा. एकदा अशीच अडखळले, तेव्हा सरांनी फळ्यावर तारा काढला आणि पुढे लिहिलं, 'ओब्नुस'.

"हजारो वर्षांपूर्वीची केल्टिक भाषा. तिच्यात भीतीला हे म्हणत असतील. आयरिश, वेल्श, ब्रेटन, समद्या लेकींकडं हा शब्द हाय, म्हणून मायकडं असणारच. पण मायकडं कुठून आला, त्यावर पंडितांचं जमंना. तुझ्या भीतीचंबी मूळ सापडंना, तर तुझा काय गुन्हा? वाच."

या उन्हाळ्यात सरांचा खोकला हटेना. सर, त्यांच्या पत्नी म्हणजे काकू आणि मी परभणीला गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला. "गाठ चांगली दिसत नाही." काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. सरांनी मूठ उघडली. "सध्या तारा लावा, डॉक्टर. गाठीचा तुकडा तपासून येऊ द्या."

त्यानंतर काकूंना तारा म्हणजे सुटकाच वाटायला लागली. भाकरी थापता थापता विचारायच्या, "तारा हाय ना गं अजून?" मी मान हलवायचे. सर आल्यागेल्याची थट्टा करायचे. एकदा आम्ही दोघंच असताना मात्र हळूच म्हणाले, "लय भ्यायलोय गं. काकूला सांगू नको."

डॉक्टरांचा फोन आला तो माझ्याकडे. सरांना फोनवरचं नीट ऐकू यायचं नाही. सरांचं घर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरलेलं. मी फोन ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मोठ्यानं सांग," सर म्हणाले. "पुटपुटू नको."

"कॅन्सरच आहे, सर. पसरलाय."

आवाज गेला नाही.

"तारा हाय ना गं?" काकू मलाच विचारत होत्या.

सरांनी हात वर केला. उघडी बोटं एकेक करून मिटली.

"स्पष्ट बोललीस," ते म्हणाले.